बंद न होणारा खटका

१

सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती, तिचं पुढचं चाक पार कडेच्या गटारात जाऊन बसलं होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये दोन मुली पडल्या होत्या. एकीचं मनगट मोडलं, गाल सोलवटला. दुसरी तिच्या मागोमाग भरधाव येत होती. ती पहिलीच्या अंगावरून उडाली आणि तिच्या मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. ही दुसरी म्हणजे सायकल क्लबातली सगळ्यांत वेगवान पोर. तिला सगळे तुफानच म्हणायचे. आता तुफान पायात सळ्या घालून इस्पितळात पडली होती, आणि ती पुन्हा शर्यतीत उतरेल का असं विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघायचे.

निकाल मात्र झटपट लागला. क्लबाच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, अपघाताच्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरगी पुढच्या चाकाचा खटका लावायला विसरली." झालं. सगळं खापर त्या मनगट मोडलेल्या पोरीच्या डोक्यावर फुटलं आणि बाकीचे हात झटकून मोकळे झाले.

पोरीच्या आत्याचं डोकं फिरलं ते इथे.

आत्या निवृत्त लिफ्ट तपासनीस. उभा जन्म तिने इमारतींच्या डोक्यावर चढून लिफ्टचे दोर आणि ब्रेक हात लावून पाहण्यात घालवला. तिच्या जिभेला हाड नाही असं इमारतींचे मालक म्हणत, आणि तिने मान हलवल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. लिफ्ट कोसळली की मालक हमखास म्हणायचा, आतल्या माणसानेच काहीतरी चुकीचं केलं असणार. हे इतक्यांदा ऐकलं होतं, की 'विसरली' हा शब्द कानावर पडताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाची घरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"उठ. आणि मला नीट सांग, खटका लावला होतास का?"

"आठवत नाही, आत्या. ती सकाळच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित कधीच आठवणार नाही." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं, "माझ्यामुळे तिचा पाय गेला. आज संध्याकाळी सगळ्या मुलींसमोर मी माफी मागणार आहे. सरांनी तसं सांगितलंय. मग सायकल बंद. कायमची."

"जे आठवत नाही ते कबूल कसं करणार गं तू?"

भाचीने पांघरूण डोक्यावर ओढलं. बाहेरच्या खोलीतून तिच्या बाबांचा, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाचा, आवाज चढला होता. तो नळ आणि पाइपांची कामं करायचा. कामाची पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती आणि फोनवर आकांडतांडव चाललं होतं. "कोणीतरी मुद्दाम उघडलाय तो खटका! संघातल्या त्या राखीव पोरीलाच हवी होती माझ्या लेकीची जागा. एकेकाला कोर्टात खेचतो!"

आई नसलेल्या त्या पोरीला त्याने एकट्याने वाढवलं होतं. त्याचा संताप समजण्यासारखा होता. आत्याने चपला घातल्या.

"ओरडू नकोस," ती भावाला म्हणाली. "संध्याकाळपर्यंत कोणी केलं ते मी शोधून काढते."

भावाने फोन खाली घेतला. "कशाला गं, ताई? कशाला उगाच?"

आत्ता कोर्टात खेचणारा माणूस एकदम 'उगाच' म्हणाला, हे तिच्या कानाला खटकलं. पण ती घाईत होती.

२

क्लबाची शेड म्हणजे पत्र्याखालची लांबट खोली. भिंतीला टेकवून सायकली ओळीने उभ्या, आणि एकच लांब साखळी सगळ्यांच्या पुढच्या चाकांतून ओवलेली. कुलपाची किल्ली सरांच्या खिशात. सगळ्यांत शेवटची जागा रिकामी होती, ती भाचीची. तिच्या मागे हात धुवायचं बेसिन, खाली भिंतीवर वाळत आलेला ओलीचा डाग आणि पाइपावर नवाकोरा चकचकीत पितळी कॉक.

"निदान ते गळणं तरी थांबलं," मिस्त्री पुटपुटला. त्या आठवड्यात त्या शेडमध्ये चांगलं म्हणावं असं तेवढंच घडलं असावं.

मिस्त्री म्हणजे क्लबाच्या सायकली दुरुस्त करणारा. पन्नाशीचा, बोटांच्या खाचांत काळं गेलेला, आणि आज मिठाची गुळणी धरून बसलेला. आत्याने आधी त्याला बोलतं केलं ते त्याच्या कामावरूनच.

"हा खटका चालतो कसा ते दाखवा मला. मला लिफ्ट कळते, सायकल नाही."

मिस्त्रीने शेजारच्या सायकलीचं पुढचं चाक दाखवलं. दोन टोकांच्या चिमट्यात चाक बसतं. चाकाच्या मधोमध पोकळ आस, आणि तिच्यातून एक बारीक दांडी आरपार. दांडीच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला बोटभर लांबीचा खटका.

"नट बोटांनी बेताचा आवळायचा आणि मग खटका मिटायचा. दार लोटतो तसा. हा बघा." त्याने तळहाताने खटका दाबून पालथा केला आणि हात पुढे केला. तळव्यावर खटक्याचा लाल वळ उठला होता. "वळ उठला की समजायचं, चाक पक्कं. जोर न लावता मिटला तर सैल."

"आणि स्क्रूसारखा गोल फिरवला तर?"

"फिरवायचा नसतोच, बाई. फिरवून घट्ट वाटतं, पण खरी पकड मिटण्यात आहे. नुसता फिरवलेला रस्त्याच्या धक्क्यांनी सुटत जातो."

भाचीची सायकल कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. गटारातलं चाक तसंच तिला टेकवून ठेवलेलं. "सर म्हणाले, कोणी हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाला. आत्याने ताडपत्री बाजूला फेकली आणि हात लावला.

चाकावरचा चिखल तिने रुमालाने पुसला. नट बसतो त्या टोकाला, दांडीच्या आट्यांत, पांढरा पातळ धागा अडकला होता. कोळ्याच्या जाळ्यासारखा मऊ.

"गटारातला कचरा," मिस्त्री म्हणाला.

आत्याने तो नखाने ओढला. तो तुटला नाही, ताणला गेला. तिने तो रुमालाच्या कोपऱ्यात गुंडाळला. मग नटाला धक्का न लावता, जसं सापडलं तसंच चाक चिमट्यात बसवलं. ते सहज आत गेलं. खटका उताणाच होता. तिने तो मिटायला घेतला.

तो अर्ध्यावर येऊन अडला. तिने तळहात लावला, मग दोन्ही हात. मिस्त्रीला जोर लावायला सांगितला. खटका हलायचं नाव घेईना.

"नट फारच पुढे आवळलाय," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "इतका आवळलेला असताना हा मिटणारच नाही."

"म्हणजे तो मिटलेला नव्हताच कधी," आत्या म्हणाली. "मग जो खटका मिटतच नाही, तो कोणी उघडला कसा? आणि पोरगी तो लावायला विसरली कशी?"

३

राखीव पोर व्यायामाच्या खोलीत जागच्या जागी सायकल मारत होती. आत्या आत येताच तिने पॅडल थांबवले आणि बोलायची वाटही पाहिली नाही.

"तुमचे भाऊ काल इथे येऊन मला सगळ्यांदेखत काय काय बोलले, माहितेय? खुनी म्हणाले मला! तुफान माझी मैत्रीण आहे. तुमची भाची पण. मी राखीव आहे, राक्षस नाही."

"त्याच्या वतीने मी ऐकून घेते," आत्या म्हणाली. "आता मला सांग, तुला चाक पाडायचंच असतं तर काय केलं असतंस?"

पोर आधी भडकली, मग विचारात पडली. हुशार होती. "खटका नुसता उघडून ठेवला असता. एका बोटाचं काम."

"कुठल्या बाजूचा?"

"डावीकडचा, दुसरा कुठला? आमच्या सगळ्यांचे खटके डावीकडेच असतात. शर्यतीत चाक बदलताना मिस्त्रीकाकांचा हात न बघता तिथेच जातो. उजवीकडे असला तर गोंधळ. पहिल्याच दिवशी शिकवतात ते."

आत्याच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातली सायकल आली. चिमट्यात बसवलं तेव्हा खटका उजवीकडे होता. चाक उलटं बसवलं की काय असं तिला क्षणभर वाटलं, पण नाही. टायरवरचा बाण पुढेच रोखलेला होता. म्हणजे चाक सुलट आणि दांडी उलट. कोणीतरी दांडी पूर्ण बाहेर काढली होती आणि दुसऱ्या बाजूने परत घातली होती. क्लबातल्या कोणाच्याही हाताने असं केलं नसतं. ना मिस्त्रीच्या, ना सरांच्या, ना या पोरीच्या. आणि ज्याला घात करायचा तो दांडी काढून, परत घालून घट्ट आवळत बसत नाही.

"पडली तेव्हा तू कुठे होतीस?"

"पाठीमागेच. स्पीडब्रेकर आला. आम्ही तिथे हँडल उचलून सायकल उडवतो, वेग जाऊ नये म्हणून. तिने उचललं आणि चाक खालीच राहिलं." पोरीने दोन्ही हात उचलून दाखवले. "मला एक कळत नाही पण. माझ्या घरच्या जुन्या सायकलीचा खटका एकदा दिवसभर उघडाच राहिला होता. चाक खडखडत होतं. पण निघालं नाही."

आत्या जागीच थांबली. हे तिच्या धंद्यातलं होतं. लिफ्टचा दोर तुटला म्हणून लिफ्ट पडत नाही. खाली दुसरी पकड असते, ती रुळाला चावून धरते. माणूस चुकणार हे धरूनच यंत्र बनवलेलं असतं. लिफ्ट पडते ती दोर तुटतो आणि ती दुसरी पकडही कोणीतरी काढून ठेवलेली असते, तेव्हाच.

"तुझं चाक का नाही निघालं?"

"चिमट्याच्या टोकांना बारीक कड असते ना उचललेली. खटका सुटला तरी चाक त्या कडेला अडतं."

"मग इथे का नाही अडलं?"

 पोरीची नजर सरांच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि पटकन परत आली.

४

आत्या आधी शेडमध्ये गेली. भाचीच्या सायकलीच्या चिमट्याची टोकं काळी, गुळगुळीत होती. तिने घराच्या किल्लीने खरवडलं. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली उघडा, पांढरा धातू चमकला. कानस मारल्याच्या रेघा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. शेजारची सायकल खरवडली. तिथेही तेच. ओळीतल्या शेवटच्या सायकलीपर्यंत ती खरवडत गेली आणि एकाही टोकाला कड उरलेली नव्हती.

सरांच्या खोलीत करंडकांचं कपाट होतं. सर संध्याकाळच्या सभेत काय बोलायचं याची तयारी करत होते.

"तुम्ही सगळ्या सायकलींच्या कडा घासून काढल्यात," आत्या म्हणाली. बसा म्हणायची संधी तिने दिली नाही.

सरांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मॅडम, हे शर्यतीचं शास्त्र आहे. कड असली की चाक बदलताना नट फिरवत बसावं लागतं. तेवढ्यात शर्यत हातची जाते. आमची गेलीय. सगळेच घासतात."

"सगळेच घासतात मग रंग कशाला लावला वरून?"

सर समोरचे कागद सारखे करायला लागले.

"आमच्या पोरींना सांगितलं होतंत? घरच्यांना?"

"खटका नीट लावला तर कडेची गरजच पडत नाही!" सर उठून उभे राहिले. "तुमच्या भाचीने तो लावला असता तर आज ही वेळ आली असती? तुम्ही आधी ते सांगा! कड राहू द्या बाजूला!"

"बाजूलाच तर ठेवलीत ना तुम्ही! आणि ती पोर रोज भिंतीकडे तोंड करून मरतेय. तुम्हाला माहीत होतं, की कड असती तर चाक अडलं असतं. त्याच दिवशी माहीत होतं. म्हणून तर सायकलीवर ताडपत्री टाकलीत. म्हणून तर संध्याकाळी माफी मागायला लावताय. एकदा पोरीने आपल्या तोंडाने कबूल केलं, की चिमटा कोण बघायला जातो!"

दारात मिस्त्री येऊन उभा होता. "कानस मीच चालवली, बाई," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं म्हणून. नको म्हणालो होतो."

"नको म्हणालात आणि घासलीत. आणि आजवर गप्प बसलात," आत्या त्याच्यावर उलटली. "मी काय तुमची पाठ थोपटू?"

मिस्त्रीने मान खाली घातली. सरांनी मात्र तेवढ्यात स्वतःला सावरलं.

"ठीक आहे. कड माझी चूक. पण खटका कोणाची? ते तुम्हालाही माहीत नाही. साखळीची किल्ली माझ्याकडे होती, सायकली रात्रभर कुलपात होत्या. सांगा ना कोणी केलं ते!"

खरंच, घोडं तिथेच पेंड खात होतं. आणि सभेला थोडाच वेळ उरला होता.

५

हात काळे झाले होते. ती शेडमधल्या बेसिनपाशी गेली. भाचीच्या सायकलीच्या रिकाम्या जागेत उभं राहूनच हात धुवावे लागत होते. पाणी सोडलं, साबण लावला, आणि डोकं त्याच प्रश्नाला आपटत राहिलं. क्लबाबाहेरचा माणूस. सायकलीतलं काही न कळणारा. घात करायचा नाही, उलट चाक पक्कं बसावं असं मनापासून वाटणारा. ज्याला वाटतं की जगातली प्रत्येक वस्तू फिरवली की घट्ट होते.

तिची नजर नव्या पितळी कॉकवर गेली.

कॉक पाइपात जिथे बसला होता, तिथे आट्यांतून पांढऱ्या टेपची कड डोकावत होती. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती, टेफ्लॉनची. गुंडाळीच्या शेवटी टेपचं एक लांब शेपूट लोंबत राहिलं होतं.

आत्याने ओल्या हातांनी रुमाल सोडला. कोपऱ्यातला पांढरा धागा काढून त्या शेपटाशेजारी धरला. दोन्ही सारखेच मऊ, सारखेच पातळ. ओढला की तुटेना, ताणला जाई.

आणि ते शेपूट! आयुष्यभर तिने त्यावरून एका माणसाची चेष्टा केली होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला होतं, न्हाणीघरातल्या नळाला होतं. 'अरे, कापत जा की रे ते,' असं ती दर वेळी म्हणायची, आणि तो हसून म्हणायचा, 'राहू दे गं ताई, माझी सही आहे ती.'

तिने बेसिनची कड घट्ट धरली.

"हा कॉक कोणी बसवला?" तिने मागोमाग शेडमध्ये आलेल्या मिस्त्रीला विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं, कारण कोणीतरी दुसरं नाव घ्यावं असं तिला फार वाटत होतं.

"तुमच्या भावानेच की," मिस्त्री म्हणाला. "अपघाताच्या आदल्या दिवशी. पोरी डबक्यात घसरतात म्हणून आपणहून आला, पैसेही घेतले नाहीत. मी बाहेर गेलो होतो, सर नव्हते. साखळीला तर कुलूप, सायकल पाइपाच्या आड. कसं केलं कोण जाणे."

कसं केलं ते आत्याला समोर घडल्यासारखं दिसलं. चाक साखळीत अडकलेलं, सायकल हलवायची तर ती चाकापासून सोडवायलाच हवी. नट फिरवला, फिरवतच गेला, दांडी हातात आली. काम झाल्यावर दांडी आत सरकवली, हाताला सोयीच्या बाजूने. आट्यांवर टेप गुंडाळली, सवयीने, काही सुटू नये म्हणून. आणि खटका धरून कॉक आवळावा तसा आवळला. टेपने आटे गुळगुळीत झाले होते, त्यामुळे रस्त्याच्या धक्क्यांनी तो आणखीच सहज सुटत गेला.

६

भाऊ क्लबाबाहेर आपल्या गाडीत बसला होता. मागे पाइप पडले होते, बाजूची सीट रिकामी; लेकीला तो सभेला घेऊन आला होता. ती आत मुलींमध्ये जाऊन बसली होती. आत्या शेजारच्या सीटवर बसली आणि तिने रुमाल त्याच्या मांडीवर टाकला.

त्याने तो उघडला. आतला धागा बोटांत धरला.

"मी घट्ट आवळला होता गं, ताई," तो म्हणाला. "हात लाल होईपर्यंत आवळला होता. आपल्या पोरीची सायकल, म्हणून दोन वेढे जास्तच घातले टेपचे."

"कधी कळलं तुला?"

"गटारातून चाक मीच उचललं. टेप दिसली."

"त्याच दिवशी!" आत्याचा आवाज फाटला. "त्याच दिवशी कळलं, आणि तू त्या राखीव पोरीला खुनी म्हणत फिरलास? लेक उशीत तोंड खुपसून 'माझ्यामुळे, माझ्यामुळे' करत होती आणि तू उशाशी बसून तिला औषध पाजत होतास? घास कसा उतरला रे तुझ्या घशाखाली?"

"मी सांगणारच होतो. पण तुफानचे वडील तिथे रडत होते. मग सर म्हणाले, ती विसरली. मला वाटलं, पोर आहे, पोरांच्या चुका लोक विसरतात. माझी कोण विसरेल?" तो हुंदके द्यायला लागला. "तिला मी एकटाच आहे गं. ती माझ्याकडे कशी बघेल मग?"

आत्याला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. लहानपणी तो पडला की ठेवायची तसा. तिने हात ठेवला नाही. तिला त्याचा इतका राग आला होता की तो हात थापड होऊनच पडला असता.

"डोळे पूस," ती म्हणाली. "आणि आत चल. मी सांगितलं तर ते शोधून काढलेलं होईल. तू सांगितलंस तर निदान सांगितलेलं तरी होईल."

७

व्यायामाच्या खोलीत मुली जमिनीवर बसल्या होत्या. भाची मोडका हात गळ्यात अडकवून पुढे उभी होती. "मी," तिने सुरुवात केली, "मी त्या दिवशी खटका..."

"बस खाली," आत्या दारातूनच कडाडली. "तुझ्या तोंडातून आज एक शब्द निघणार नाही."

मग तिने चाक आणि सायकल मधोमध ठेवली आणि सगळ्यांसमोर खटका मिटायला सांगितला. राखीव पोरीने जोर लावला, दुसऱ्या दोघींनी लावला. मिटला नाही. खटका उजवीकडे का, हे विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. चिमट्याची खरवडलेली टोकं तिने पुढे केली आणि आपापल्या सायकलींचीही जाऊन बघा म्हणाली. दोघी धावत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

"नुसता खटका चुकला असता तर चाक खडखडलं असतं आणि हिने खाली उतरून बघितलं असतं," आत्या म्हणाली. "नुसती कड घासलेली असती आणि खटका नीट असता, तरी काही झालं नसतं. दोन माणसांच्या दोन अर्ध्या चुका जोडल्या गेल्या तेव्हा चाक निघालं. दोघांनाही आपापली अर्धी माहीत होती. दोघांनीही ती लपवली आणि अख्खी चूक या पोरीच्या गळ्यात बांधली. एक अर्धी सरांची. दुसरी..."

ती थांबली. भाऊ भिंतीपासून सुटून पुढे आला.

"दुसरी माझी," तो म्हणाला. आणि त्याने सगळं सांगितलं. कॉक, साखळी, दांडी, टेप. गटारातलं चाकही सांगितलं. काहीच गाळलं नाही, एवढं मात्र खरं.

 भाची बापाकडे बघत होती. ती आता रडेल असं आत्याला वाटलं, पण ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला, सोलवटलेल्या गालाखालूनसुद्धा.

"बाबा, तुम्ही रोज माझ्या उशाशी बसून होतात," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं, 'बाबा, मी वाईट आहे का?' तुम्ही म्हणालात, 'होतं गं असं कधीकधी.' 'होतं असं' म्हणालात तुम्ही!"

"बाळा..."

"बाळा म्हणू नका!" ती ओरडली. तिच्या ओरडण्याने सरांच्या खोलीतल्या करंडकांच्या कपाटाची काच वाजली. अपघातानंतर पहिल्यांदा तो आवाज तिचा वाटला, आणि आत्याला इतक्या संतापातही बरं वाटलं. "मी सायकल सोडणार होते. तुफानला भेटायला जायची माझी हिंमत नव्हती. आता तुम्ही जाणार आहात. तुम्ही आणि सर. आत्ता. मी दाराबाहेर उभी राहून ऐकणार आहे, तुम्ही काय सांगता ते."

इस्पितळाच्या त्या खोलीत दोघं पुरुष शाळेतल्या मुलांसारखे उभे राहिले. आधी बाप बोलला, मग सर. तुफानने उशीवरून मान वळवून दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. तिचा पाय सळ्यांमध्ये वर टांगलेला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. 

"इतके दिवस मी तिला शिव्या देतेय," मग ती म्हणाली. "मनातल्या मनात. झोप लागली नाही की देते. ती एकदाही आली नाही म्हणून तर आणखीच." तिने दाराकडे बोट दाखवलं. "ती बाहेर आहे ना? तिला आत पाठवा. आणि तुम्ही दोघं बाहेर व्हा. मी बोलावेपर्यंत यायचं नाही."

भाची आत गेली. आतून एकदम दोघींचं बोलणं ऐकू आलं, दोघी एकाच वेळी, भांडल्यासारख्या मोठ्याने.

भाऊ दाराशी जायला निघाला. आत्याने त्याचा दंड धरला, त्याला बाकावर सरांच्या शेजारी बसवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.